चोडणच्या खाडीत एक दिवस

रायबंदरच्या धक्क्यावरून सकाळची फेरीबोट सुटली, तेव्हा मांडवीवर धुके पसरलेले होते. आम्ही एकटेच निघालो होतो. सोबतीस एक दुर्बीण, पाण्याची बाटली, दोन पाव आणि चार केळी एवढेच सामान. "एकटे कशास जाता?" असे घरच्यांनी विचारले होते. "पाखरे पाहावयाची तर बडबड नको," असे उत्तर देऊन आम्ही त्यांना गप्प बसविले होते. त्या उत्तरातला फोलपणा संध्याकाळपर्यंत आम्हांस कळावयाचा होता!

चोडण हे मांडवीच्या मुखाजवळचे बेट. त्याच्या पश्चिम टोकास सुमारे १.७८ चौरस किलोमीटरचे खारफुटीचे रान आहे. १९८८ साली ते अभयारण्य म्हणून जाहीर झाले आणि थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांचे नाव त्यास देण्यात आले. वनखात्याची परवानगी घेऊन आम्ही एक कयाक पाण्यात लोटली. कयाक म्हणजे एका माणसापुरती अरुंद होडी. तिला वल्हे एकच, परंतु त्याच्या दोन्ही टोकांस पाती असतात. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक अशी होडी सीलच्या कातड्याची करीत. आमची मात्र प्लॅस्टिकची होती.

भरती नुकतीच लागली होती. उघड्या चिखलावर निवट्या उड्या मारीत होत्या. मासा असूनही पाण्याबाहेर चालणारा हा प्राणी पाहून कोणासही कौतुक वाटावे. शेजारी इवलेसे खेकडे आपली एकच मोठी नांगी वर करून जणू कोणास हाक मारीत होते. बगळे एकेक पाऊल मोजून टाकीत होते. एका फांदीवरून निळा खंड्या बाणासारखा सुटला आणि मासळी घेऊन परतला. वर ब्राह्मणी घार संथपणे घिरट्या घालीत होती.

पाणी चढले तशी आम्ही एका अरुंद फाट्यात शिरलो. दोन्ही बाजूंस तिवराची व कांदळाची झाडे. तिवराची श्वासमुळे चिखलातून खुंट्यांसारखी वर आलेली असतात; त्यांच्या वाटे मुळांना हवा मिळते. पानावर बोट फिरवून जिभेस लावले तर खारट लागले, कारण शोषलेले मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते आणि लांब शेंगेसारखे होऊन खाली गळते. आईने लेकरास पायावर उभे करूनच घराबाहेर पाठवावे, तसा हा प्रकार!

दुपारी दोनच्या सुमारास पाण्यात बुडबुडे दिसले, आणि तीन पाणमांजरे डोकी वर काढून आमच्याकडे पाहू लागली. एकाच्या तोंडात मासा होता. आम्ही श्वास रोखून बसलो. ती पुढे सरकत, आम्ही मागोमाग. असा तास कसा निघून गेला ते समजले नाही. अखेर ती दिसेनाशी झाली. आम्ही वल्हे घातले, तो ते चिखलात रुतले. अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. उधाणाचे पाणी जितके चढते तितकेच ओसरते, याचा आम्हांस विसर पडला होता.

उतरून चालावे म्हणून एक पाय खाली टाकला, तो मांडीपर्यंत आत गेला. मोठ्या कष्टाने तो ओढून काढला. पुढली भरती वर येईपर्यंत काळोख होणार, आणि आम्ही कोठे आहोत हे कोणास ठाऊक नाही! त्या वेळी आम्हांस खरोखर भय वाटले. आम्ही मोठ्याने हाका मारल्या.

थोड्या वेळाने बांधावर एक वृद्ध शेतकरी दिसले. "बाब, उतरू नका! आहात तेथेच बसा!" ते ओरडले. माडाच्या झावळ्या ओढून आणून त्यांनी एकीपुढे एक अशा चिखलावर अंथरल्या आणि आम्हांस त्यांवरून पोटावर सरपटत येण्यास सांगितले. कयाक दोरीने झाडास बांधून ठेवली.

हात धुण्यास पाणी देऊन ते आम्हांस मानशीकडे घेऊन गेले. खाजन शेतीचा सारा जीव या लाकडी दारांत आहे. भरतीचे पाणी रेटा देते तशी ती मिटतात आणि ओहोटीस उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. बांध फुटला तर खारे पाणी आत शिरते आणि शेत नापीक होऊन बसते. बाहेरची खारफुटी लाटांचा मार अंगावर घेते, म्हणून बांध टिकतो. पण खेकडे त्यालाच बिळे पाडतात. ती वेळीच बुजवावी लागतात.

"काका, रोज फेरी मारता?" आम्ही विचारले.

"रोज. बीळ बोटाएवढे असते तेव्हा मूठभर चिखल पुरतो," ते म्हणाले. "पूर्वी बरोबर माणसे असत. आता मुलगे परदेशी. मी एकटाच असतो, पण घरी सांगून येतो."

आम्ही मान खाली घातली.

काळोख पडल्यावर भरतीने कयाक उचलली. काकांनी कंदील धरून वाट दाखविली. दुरून चर्चची घंटा ऐकू आली. शेवटच्या फेरीबोटींपैकी एकीने आम्ही परतलो, आणि घरी पोहोचताच सारे काही खरे सांगितले.

वाचकहो, ते रान अवश्य पाहा. परंतु निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ विचारा, आणि कोठे जातो हे घरी सांगून जा.