ऊर्मिलेची झोप

निद्रेवर विजय मिळविणाऱ्यांचे आपल्याला मोठे कौतुक! अर्जुनाला आपण ‘गुडाकेश’ म्हणून गौरवितो आणि बिचाऱ्या कुंभकर्णाला हसतो. सांगलीचा पूर पाहिल्यापासून मात्र या कौतुकाविषयी माझ्या मनात शंका उत्पन्न झाली आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये साताऱ्याकडून फुगत आलेली कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली. आग विझविण्यासाठी नेमलेली माणसे त्या दिवसांत नावांतून म्हातारेकोतारे नि पोरेबाळे बाहेर काढीत होती. पूर ओसरल्यावरही पत्र्यावर सर वाजली की मी दचकून जागा होई. महिन्याभरात ते निवळले. पण ज्यांच्या उशाशी बारमाही घंटा टांगलेली, त्यांचे काय होत असेल?

अग्निशामक दलातला मनुष्य निजतो, पण झोपत नाही. घंटा वाजली नाही तरी ती वाजेल या जाणिवेनेच त्याची झोप उथळ होते. साताऱ्याकडे उन्हाळ्यात डोंगरउतारावरचे गवत पेटते, सांगलीत पावसाळ्यात नदी चढते. त्याच्या वर्षाला विसाव्याचा ऋतूच नाही. घरी आला तरी मनाचा पहारा उठत नाही. स्वयंपाकघरात भांडे पडले तरी तो उठून बसतो. पुढे चिडचिड, अबोला आणि अखेरीस कशातच जीव न रमणे. अशा शिणवट्याचे मूळ कामाच्या न आवरलेल्या ताणात असते, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2019 सालीच नमूद केले. आपण मात्र त्याला मनाचा दुबळेपणा म्हणतो.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीतील स्फोटांत 66 अग्निशामक मृत्युमुखी पडले. त्यांना आपण दरवर्षी मानवंदना देतो, ते योग्यच. पण आगीतून जे परततात, त्यांच्या पुढच्या रात्रींना स्मारक नसते.

लोककथेतला लक्ष्मण चौदा वर्षे जागू शकला, कारण त्याच्या वाट्याची झोप ऊर्मिलेने घेतली. कथेला हिशेब ठाऊक होता. जागरणाचे ऋण कोणाला तरी फेडावेच लागते. आजची ऊर्मिला म्हणजे पाळीला आणखी चार माणसे, दुर्घटनेनंतर हक्काची रजा, आणि ‘मला भीती वाटते’ हे शब्द न हसता ऐकणारा वैद्य. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात नव्या बंबाचा आकडा आपण वाचतो. बंबावरच्या माणसाच्या झोपेचा आकडाही तेथे शोधावयास शिकले पाहिजे.