रिकामा रकाना

मंडळी, हा धागा बेसबॉलविषयी आहे आणि लांब आहे. आपल्याकडे हा खेळ फारसे कोणी पाहत नाही; दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्याचा एकही सामना पूर्ण पाहिला नव्हता. तरी इतिहासाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी त्याच्या आकडेवारीत शिरावे असे मला वाटते. नोंद कोणाची होते, कोण ठेवते, आणि नोंद नाही म्हणजे घटना घडलीच नाही काय, हे प्रश्न आपण वर्गात फार अमूर्तपणे चघळतो. तेथे ते तीन दशांश स्थळांपर्यंत समोर येतात. शिवाय या धाग्यात माझी स्वतःची एक चूक आहे. तिच्याकडे यथावकाश येईन.

आरंभ एका बातमीने. मे २०२४ च्या अखेरीस अमेरिकेच्या ‘मेजर लीग बेसबॉल’ने आपल्या अधिकृत विक्रमांत निग्रो लीगची आकडेवारी समाविष्ट केली. (हा शब्द आज कोणी वापरू नये, येथे तो त्या स्पर्धांचे ऐतिहासिक नाव म्हणून येतो.) त्या एका दिवसात सर्वकालीन फलंदाजी सरासरीच्या यादीचा माथा बदलला. जवळजवळ शतकभर तेथे टाय कॉब होता, ०.३६७ वर. आता तेथे जॉश गिब्सन आला, ०.३७२ वर. एका हंगामातील सर्वोच्च सरासरीही गिब्सनचीच ठरली: १९४३ मधील ०.४६६. त्याआधीचा विक्रम ह्यू डफी याचा, १८९४ मधील ०.४४०.

गिब्सन ही बातमी ऐकायला नव्हता. तो २० जानेवारी १९४७ रोजी वारला, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, १५ एप्रिल रोजी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानात उतरला आणि गोऱ्यांच्या लीगचे दार उघडले.

ते दार बंद कसे झाले होते, हेही सांगितले पाहिजे, कारण ते बंद करणारा कोणताही लेखी नियम मेजर लीगच्या पुस्तकात सापडत नाही. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर टोलेडोकडून ‘अमेरिकन असोसिएशन’मध्ये खेळला होता. पुढे मालकांनी मूकपणे ठरवून टाकले आणि साठेक वर्षे ते पाळले. मग कृष्णवर्णीयांनी आपले संघ काढले, आणि १९२० च्या फेब्रुवारीत रूब फॉस्टर याने कॅन्सस सिटीत ‘निग्रो नॅशनल लीग’ स्थापन केली. तिच्या मागोमाग आणखी लीग आल्या, काही बुडाल्या, काही पुन्हा उभ्या राहिल्या.

१९६८-६९ मध्ये एक समिती नेमली गेली. ‘मेजर लीग’ कोणाला म्हणायचे, हे तिने ठरवायचे होते. तिने सहा लीगना तो दर्जा दिला. त्यांत १८८४ या एकाच हंगामापुरती जगलेली ‘युनियन असोसिएशन’ही होती. निग्रो लीगविषयी तिने नकार दिला नाही. त्यांचा विचारच केला नाही. नकाराला निदान कारण द्यावे लागते आणि ते पुढे खोडता येते. विषयच निघाला नाही तर खोडायचे काय?

आता मुख्य भाग. हे आकडे आले कोठून?

बेसबॉलच्या सामन्याचा गोषवारा एका छोट्या तक्त्यात मावतो. त्याला बॉक्स स्कोअर म्हणतात. तो रुजवण्याचे श्रेय हेन्री चॅडविक या मूळच्या इंग्रज पत्रकाराला जाते. गोऱ्यांच्या लीगचे तक्ते दैनिकांत रोज छापून येत आणि लीगच्या कार्यालयातही नोंदवह्या असत. १९८९ मध्ये डेव्हिड स्मिथ या जीवशास्त्राच्या प्राध्यापकाने ‘रेट्रोशीट’ हा प्रकल्प सुरू केला, तेव्हा जुन्या सामन्यांचा चेंडूगणिक नसला तरी फलंदाजागणिक वृत्तांत गोळा करायला त्याच्यापाशी संघांच्या कपाटांतील स्कोअरबुके होती. स्वयंसेवकांनी ती एकेक करून संगणकात उतरवली.

निग्रो लीगसाठी असे कपाट जवळजवळ नव्हतेच. होती ती कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे: ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरिअर’, ‘बाल्टिमोर आफ्रो-अमेरिकन’. बहुतांशी साप्ताहिके. रविवारी एकापाठोपाठ दोन सामने व्हायचे, संघ रात्रीच बसने पुढच्या गावी निघायचा, आणि तक्ता वेळेत पोचला तर छापला जायचा. कधी नुसती धावसंख्या, कधी खेळाडूचे फक्त आडनाव, तेही बातमीदाराला ऐकू आले तसे. (‘डिफेंडर’चे अंक दक्षिणेत रेल्वेच्या पुलमन डब्यांतील कृष्णवर्णीय सेवक गुपचूप वाटत. यावर एक स्वतंत्र धागा होईल.)

या कात्रणांतून आकडे उभे करणारी माणसे बहुतेक हौशी होती. रॉबर्ट पीटरसन यांचे ‘ओन्ली द बॉल वॉज व्हाइट’ हे पुस्तक १९७० मध्ये आले आणि अनेकांना या विषयाचे वेड लागले. २००० मध्ये ‘हॉल ऑफ फेम’ला या संशोधनासाठी मेजर लीगकडून अडीच लाख डॉलरचे अनुदान मिळाले, लॅरी लेस्टर, डिक क्लार्क आणि लॉरेन्स होगन यांनी ते काम चालवले. २०११ मध्ये गॅरी अॅशविल आणि सहकाऱ्यांनी ‘सीमहेड्स’ हा ऑनलाइन संग्रह खुला केला. एकेक सामना, एकेक तक्ता, एकेक आडनाव जुळवत तो वाढत गेला. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ मधील सात निग्रो लीगना दर्जा जाहीर केला, तेव्हा सुमारे ३,४०० खेळाडूंचे आकडे द्यायला हाताशी काही होते ते या लोकांमुळे. म्हणजे संस्थेने निर्णय घेण्यापूर्वी पुरावा तयार होता. हा क्रम ध्यानात ठेवावा.

आक्षेप आलेच. गिब्सनचे हंगाम साठ-सत्तर लीग सामन्यांचे, त्यांची तुलना दीडशे सामन्यांशी कशी? आक्षेप अगदी पोकळ नाही. थोड्या सामन्यांत सरासरी फुगू शकते. पण २०२० मध्ये साथीमुळे मेजर लीगचा हंगाम साठ सामन्यांचा झाला आणि त्याचे विक्रम कोणी बाहेर ठेवले नाहीत. राहता राहिले अपुरेपणाचे. समावेशाच्या वेळीच सांगितले गेले की आकडेवारी सुमारे तीन-चतुर्थांश पूर्ण आहे आणि नवे तक्ते सापडतील तसे आकडे बदलतील. माझ्या मते हीच सर्वांत प्रामाणिक ओळ होती.

कारण गोऱ्यांचा ताळेबंद तरी कोठे पक्का आहे? १९१० मध्ये सर्वोत्तम फलंदाजाला चाल्मर्स कंपनी मोटार देणार होती. चुरस टाय कॉब आणि नॅप लाजोई यांच्यात होती. अखेरच्या दिवशी प्रतिस्पर्धी संघाने लाजोईसाठी तिसऱ्या बेसवरचा खेळाडू मुद्दाम मागे उभा केला, कॉब इतका अप्रिय होता. लाजोईच्या खात्यावर आठ हिट पडले. तरीही कॉब विजयी ठरला आणि कंपनीने दोघांनाही मोटारी दिल्या. पुढे १९७८ मध्ये पीट पामर या अभ्यासकाला आढळले की कॉबचा एक सामना वहीत दोनदा चढला होता. दोन हिट जास्त. आयुक्तांनी १९८१ मध्ये दुरुस्ती नाकारली. म्हणून आजही एका ठिकाणी त्याचे ४,१९१ हिट दिसतात, दुसऱ्या ठिकाणी ४,१८९. सरासरी कोठे ०.३६७, कोठे ०.३६६. गिब्सनने मागे टाकलेला आकडाच मुळात वादग्रस्त! याउलट हॅक विल्सनची एक धाव १९३० मध्ये सहकाऱ्याच्या नावावर गेली होती. १९९९ मध्ये ती परत मिळाली आणि त्याचा विक्रम १९० चा १९१ झाला. त्याला जाऊन तेव्हा पन्नास वर्षे झाली होती.

आता माझे. एम.ए.च्या एका सेमिनारसाठी मी कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतील काही तक्ते स्कॅनवरून उतरवून घेतले होते. बॉक्स स्कोअर पडताळण्याची एक सुंदर रीत आहे. फलंदाजीला आलेल्या सर्वांची बेरीज ही धावा, बेसवर अडकून राहिलेले आणि प्रतिस्पर्ध्यांनी बाद केलेले यांच्या बेरजेइतकी यावीच लागते. जमाखर्च जुळला की तक्ता सिद्ध झाला. एका तक्त्यात ‘वॉक’चा, म्हणजे चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेल्या बेसचा, रकानाच छापलेला नव्हता. बेरीज दोनने कमी येत होती. दोन वॉक मिळाले असणार, हे उघड होते. कोणाला, हे कोठेच नव्हते. रात्रीचे दोन वाजले होते, सकाळी सादरीकरण होते. मी ते दोन्ही वॉक संघातील सर्वांत नामांकित फलंदाजाच्या नावावर टाकले आणि इतर सर्वांपुढे शून्य लिहिले. त्याला टाळायलाच गोलंदाज वॉक देत असणार, असे मनाला समजावले. बेरीज जुळली. छान झोप लागली.

सकाळी मी बेसवर पोचण्याच्या टक्केवारीचा आलेख दाखवला. मॅडमनी मूळ पान मागितले, काही वेळ पाहिले आणि विचारले, “हे दोन कोठून आले?”

मी गणित सांगितले. त्या म्हणाल्या, “दोन आहेत हे तू सिद्ध केलंस. त्याचे आहेत हे नाही. आणि बाकीच्या आठ जणांपुढे शून्य लिहून तू त्यांच्याविषयीही काहीतरी सांगितलंस, जे तुला ठाऊक नाही.”

वर्गासमोर आलेख मागे घेतला. कान तापले होते. पण सलले ते वेगळेच. कोणीही मागे लागलेले नसताना, केवळ पान नीट दिसावे म्हणून, मी आधीच प्रसिद्ध असलेल्याला आणखी दिले होते आणि ज्यांचे पहिले नावही छापलेले नव्हते त्यांच्या नावापुढे शून्य ठेवले होते. १९६९ च्या समितीवर मी त्याच निबंधात दीड पान लिहिले होते.

आकडे वाढले की माणूस मोठाच होतो असेही नाही. ‘हॉल ऑफ फेम’मधील गिब्सनच्या फलकावर जवळजवळ आठशे होम रन लिहिलेले आहेत. त्यांत गावोगावचे प्रदर्शनी सामनेही धरलेले. तक्त्यांनी सिद्ध झालेले लीगमधील होम रन दोनशेच्याही आत आहेत. दंतकथा आक्रसली आणि सरासरी माथ्यावर गेली, दोन्ही एकाच कामातून. ज्यांना फक्त दुसरी गोष्ट हवी असते त्यांच्याशी माझे नेहमी वाजते.

आणि सगळे तक्त्यात येतही नाही. आपल्या पळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. ते आकडे नीट छापलेले आहेत. पुण्यात त्यांना चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात मिळे, हे कोणत्याही धावफलकात नाही.

विली मेज १९४८ मध्ये सतरा वर्षांचा असताना बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडून खेळला होता. २०२४ च्या समावेशाने त्याच्या खात्यावर दहा हिट वाढले: ३,२८३ चे ३,२९३. तीनेक आठवड्यांनी, १८ जूनला, तो त्र्याण्णवाव्या वर्षी गेला. दहा हिट त्याच्या हयातीत जमा झाले, याचा मला उगाचच आनंद होतो.

माझ्या फाइलीत त्या सामन्याचा वॉकचा रकाना आता रिकामा आहे. खाली टीप: एकूण २, कोणाचे ते अज्ञात. त्या आठवड्याचा दुसऱ्या एखाद्या वृत्तपत्राचा अंक मिळतो का, ते पाहते आहे. स्कॅन आले आहेत, पण क्रीडापानाचा उजवा कोपरा फाटलेला आहे.