तांबडं मंगलोरी

हातात घेतलं की आधी जाणवतं ते वजन. दोन-अडीच किलोंचा ऐवज. उलटं केलं की पोटाशी कारखान्याचं नाव उठून दिसतं, रिपेवर अडकायला नाक दिसतं आणि कडांना शेजारच्या कौलाला धरून ठेवणाऱ्या खोबणी. त्यावर टिचकी मारून बघावी. नीट भाजलेलं असेल तर ते खणकन वाजतं. कच्चं असेल तर आवाज बद्द येतो आणि असलं कौल पावसात पाणी पीत राहतं. कोकणातली जाणती माणसं म्हणूनच कौल नुसतं बघून घेत नाहीत, वाजवून घेतात.

हे मूळचं नेत्रावतीकाठच्या चिकणमातीचं. बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट या जर्मन मिशनऱ्याने 1865 साली मंगळुरात जेप्पूला कारखाना काढला आणि तिथली कौलं समुद्रमार्गे किनाऱ्यावर पसरली. त्याआधी आपल्याकडे कुंभाराच्या हातची नळीची कौलं होती. ती वाऱ्याने सरकत, मांजर धावलं तरी हलत. मंगलोरी मात्र खोबणीत बसलं की सहसा जागा सोडत नाही. त्याचा तांबडा रंग मातीतल्या लोहाचा, भट्टीत पक्का झालेला. वरून दिलेला नाही, म्हणून उन्हाने उडत नाही आणि पावसाने धुपत नाही.

कौलारू घर थंड असतं ते या रंगामुळे, असं पुष्कळांना वाटतं. रंगाचा वाटा आहे, पण बेताचा. तांबडं कौल उन्हाचा साधारण तिसरा हिस्सा परतवतं. काळं डांबरी छप्पर जवळजवळ सगळं ऊन पोटात घेतं, तर पांढरा रंग दिलेलं छप्पर बहुतेक ऊन माघारी धाडतं. कौलाची खरी करामत त्याच्या जाडीत आणि सांध्यांत आहे. जाडीमुळे उष्णता आत उतरायला वेळ लागतो आणि आढ्याखाली साठलेली गरम हवा सांध्यांतल्या बारीक फटींतून निघून जाते. पावसाची सर येऊन गेली की कौलात मुरलेलं थोडं पाणी वाळताना छपराचा ताप उतरवतं.

पत्र्याचा स्वभाव याच्या उलट. नवा कोरा पत्रा चकाकतो, ऊनही परतवतो; पण जी उष्णता घेतो ती आकाशाकडे सहजी सोडत नाही. त्यात तो पातळ, म्हणून ती थेट खालच्या माणसांच्या डोक्यावर येते. खारा वारा लागून गंज चढला की पहिली चकाकीही जाते.

कौलातही खोट आहे. ते ठिसूळ आहे, जड आहे, त्याला भक्कम वासे लागतात. शेवाळ धरून काळं पडलं की ते जास्त तापतं. वानरांची टोळी छपरावरून गेली की दहा-वीस कौलं फुटलीच म्हणून समजा. पण फुटलेलं तेवढंच काढून नवं सरकवलं की काम होतं. सगळं छप्पर उतरवावं लागत नाही. कौल मोडतं, छप्पर टिकतं, आणि सगळं टिकाऊपण त्यातच आहे. मात्र त्यासाठी दर वैशाखात कुणीतरी वर चढायला हवं: शेवाळ खरवडायला, तडकलेली बदलायला, कुजलेली रीप काढायला.

आज नेमका तो माणूस मिळत नाही. मुलं मुंबईत, घर दहा महिने बंद, शाकारणीची मजुरी वाढलेली, वर वानरांचा जाच. म्हणून लोक कौलं उतरवून पत्रे घालतात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण घालायचाच तर पत्रा फिक्या रंगाचा घ्यावा, त्याच्याखाली हवा खेळेल असा माळा ठेवावा. जमलं तर खाली पत्रा आणि वर जुनीच कौलं अशी जोडी लावावी: गळती पत्रा अडवतो, ऊन कौल झेलतं. आणि उतरवलेली कौलं भरावात टाकण्याआधी एकेक वाजवून पाहावीत. जी खणकन बोलतील, ती अजून कित्येक पावसाळे कामाची आहेत.