मुलींनाही मैदान हवे

दिवसभर ऑफिसात खुर्चीला खिळलेले आम्ही, संध्याकाळी वस्तीतल्या पोरांना खेळवतो. बॅट नको, चेंडू नको, क्लबची फी नको. मोकळी जागा आणि भिडू असले की झाले.

पायाने मातीत रेघ ओढली की हुतुतू सुरू. लंगडीला तर एकच पाय पुरतो. विषामृतात राज्य असलेल्याने ‘विष’ म्हणून हात लावला की गडी जागीच बसतो. सोबत्याने ‘अमृत’ दिले की पुन्हा पळतो. साखळीत जो सापडेल त्याने हात धरायचा. साखळी वाढत जाते, पण मध्येच तुटली तर कुणाला बाद करता येत नाही. तेरा-चौदा वर्षांची पोरे आधी याला पोरखेळ म्हणून नाक मुरडतात. पाच मिनिटांत घामाघूम झाली की घरी जायचे नाव घेत नाहीत.

एकदा आम्ही भिडू मोजले. वीस होते, मुलगी एकही नव्हती. सातवीपर्यंत सर्वांच्या पुढे पळणाऱ्या पोरी गेल्या कुठे? हाच प्रश्न घेऊन घरी आलो, तर आमचीच मुलगी पीठ मळत बसलेली. महिन्यापूर्वी आम्हीच तिला म्हणालो होतो, ‘मोठी झालीस आता, उड्या पुरे.’ सभेत समतेवर भाषण ठोकणाऱ्या आम्हाला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली.

‘चल, उद्यापासून खेळायला,’ आम्ही म्हणालो. ती म्हणाली, ‘नको पप्पा, लोक हसतील.’ तेव्हा तिची आई बोलली, ‘हसू दे. मी येते.’

दुसऱ्या दिवशी पदर खोचून तिच्या आईने लंगडी घातली. लोक हसले, खरेच हसले. पण आठवड्याने आणखी दोन आया आपल्या मुलींना घेऊन आल्या. पुढे नऊजणी झाल्या तेव्हा खो-खो मांडला. खांब नव्हते, म्हणून दोन्ही टोकांना दोन लहानगी उभी केली. आठजणी एकाआड एक उलट तोंडाने बसल्या, नववी पळू लागली.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या मुलींनी जिंकला. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. आपल्या सगळ्याच मुली तिथवर जाणार नाहीत. पण ‘खो’ मिळाल्यावर उठून पळायची सवय त्यांना लागली पाहिजे.

तेव्हा पालकहो, संध्याकाळचा एक तास मुलीला मोकळा द्या. तेवढ्या वेळात पीठ मुलगा मळील, नाहीतर आपण मळू. आम्ही मळतो; भाकरी मात्र अजून गोल होत नाही.