खोलीआधी थांबा

पुण्यात नोकरी लागली की आमच्याकडचा पोरगा पहिल्या दिवाळीच्या आत मोटरसायकल घेतो आणि पोरगी स्कूटी. मलाही घरून तेच सांगणं होतं. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हप्त्याचा हिशोबसुद्धा करून ठेवला होता. मी गाडी घेतली नाही. त्यात पर्यावरणाचं प्रेम वगैरे काही नव्हतं. पुण्याच्या रस्त्यावर दुचाकी चालवायची मला भीती वाटायची, आणि वेळापत्रकावर जगायची सवय मात्र लहानपणापासून होती.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, कळंब तालुक्यातलं, फाट्यापासून चांगलं आत. रात्री मुक्कामी गाडी यायची आणि पहाटे तीच कळंबला निघायची. दुधाचे कॅन, शाळेची पोरं, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या, सगळं गाव त्या एका गाडीच्या वेळेला बांधलेलं. ती चुकली तर फाट्यापर्यंत पायपीट आणि तिथून वडाप. माझ्याकडे अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटीचा मोफत पास होता. बरोबरच्या पोरांना सवलत असली तरी तिकिटाचा तिसरा हिस्सा भरावा लागायचा, म्हणून ती आमच्यावर जळायची. तो पास नसता तर आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली सातवीनंतर घरी बसल्या असत्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुण्यात आल्यावर पहिली खोली घेतली हडपसरच्या पलीकडे. कारण सोपं होतं: भाडं कमी, आणि सोलापूर रस्त्याने येणारी आमच्याकडची गाडी हडपसरलाच उतरवते. अर्धा धाराशिव जिल्हा त्याच हिशोबाने तिथे राहतो. गाडीतळावर उभं राहिलं की ‘कुठं निघालाव?’ असं विचारणारं कोणी ना कोणी भेटतंच. पण माझं ऑफिस डेक्कनला. गाडीतळावरून स्वारगेट आणि तिथून दुसरी बस. मधे रामटेकडी, फातिमानगर, पुलगेट. एकेक सिग्नल पाठ झाला होता. याच रस्त्यावर, कात्रज-स्वारगेट-हडपसर असा, देशातला पहिला बीआरटीचा प्रयोग 2006 च्या डिसेंबरात सुरू झाला होता, हे मला फार नंतर कळलं. मी आले तेव्हा बसची ती वेगळी वाट नावालाच उरली होती. सकाळी बस भरून यायची आणि थांब्यावर न थांबता जायची. संध्याकाळी स्वारगेटला तर बस कुठे थांबेल याचा अंदाज घेत आम्ही बायका पर्स छातीशी धरून पळायचो. डाव्या बाजूच्या राखीव बाकांवरून कोणाला उठवायचं म्हणजे रोजचं एक भांडण. महिलांसाठीच्या तेजस्विनी बस 2018 पासून आहेत, त्यातली एखादी वेळेवर मिळाली तर तो दिवस सणाचा.

घरभाड्यात वाचलेले पैसे रिक्षाला जात होते, हे महिन्याचा हिशोब मांडला तेव्हा दिसलं. पैशांपेक्षा रात्री नऊला खोलीवर पोचून वरणभात लावायचं बळ उरायचं नाही, ते जास्त लागायचं. दादा फोनवर म्हणायचे, ‘‘बाई, गाडी घे. किती दिवस असं लोंबकळत जाशील?’’

गाडी घ्यायच्या ऐवजी मी खोली बदलली. कासारवाडी. आमच्याकडचं तिथे ओळखीचं कोणी नव्हतं आणि भाडं जास्त होतं, म्हणून घरचे नाराज झाले. पण नाशिक फाट्याजवळ मेट्रो आणि लोणावळा लोकल, दोन्ही चालत गाठता येतात. 1 ऑगस्ट 2023 ला मेट्रो फुगेवाडीवरून पुढे जिल्हा न्यायालयापर्यंत आली आणि दुसरी मार्गिका गरवारे कॉलेजपासून पुढे डेक्कनवरून रुबी हॉलपर्यंत वाढली, तेव्हा माझा प्रश्नच सुटला. जिल्हा न्यायालयाला खाली उतरायचं नि वर चढायचं: जमिनीखाली 33 मीटरवरून सरकत्या जिन्यांनी वर येऊन दुसरी गाडी पकडायची. पहिल्यांदा माय आली तेव्हा त्या जिन्यापाशी अडून उभी राहिली. ‘‘आपल्या आडाएवढं खोल हाय की गं,’’ म्हणाली, आणि माझा दंड घट्ट धरून चढली. सप्टेंबर 2024 मध्ये गाडी स्वारगेटपर्यंत गेली, तेव्हापासून बार्शी-सोलापूरकडच्या एसटीलाही मेट्रोनेच जाता येतं.

लोकल मेट्रोपेक्षा स्वस्त, तिचा मासिक पास तर फारच. पण दुपारी तिच्यात इतकं अंतर पडतं की भरवसा ठेवता येत नाही. बसचं आता मोबाइलवर दिसतं, कुठे आहे ती. थांब्यावर उभं राहून रस्त्याकडे मान वेळावणं त्यामुळे बरंच कमी झालं.

गावी जायचं तर मी रात्रीची लातूर एक्स्प्रेस धरते. मध्यरात्री पुणे, पहाटे धाराशिव. पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी येडशीवरून लातूरला जायची, धाराशिव शहर तिच्या वाटेवर नव्हतंच. ब्रॉडगेज करताना मार्ग वळवला म्हणून आम्हाला हे स्टेशन मिळालं. ते गावाबाहेर आहे. गाडीतून उतरल्यावर स्टँडपर्यंत रिक्षा, तिथून कळंबची एसटी, पुढे फाटा. मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माय आता पुण्याला येताना ‘खर्च होतो’ हे कारण सांगत नाही. मला परत येताना मात्र पुणे स्टेशनवर अंधारात बसून राहावं लागतं, कारण मेट्रो सहाला सुरू होते. रात्रभर चालणाऱ्या रातराणी बस आहेत, पण मोजक्या मार्गांवर, आणि त्यात माझा मार्ग नाही. पहाटेच्या गाड्यांनी मराठवाड्यातून किती माणसं उतरतात ते एकदा फलाटावर उभं राहून बघावं आणि मेट्रो तासभर आधी सुरू करता येते का याचा विचार व्हावा.

भावाने मागच्या वर्षी पुण्यात नोकरी धरली. त्याने मोटरसायकल घेतली, हप्ते चालू आहेत, आणि तो रोज चाकणला जातो. तिथे मेट्रो नाही, कंपनीची बस त्याच्या पाळीला जुळत नाही, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

पण तुमच्या घरातलं कोणी पुण्यात खोली बघायला निघालं असेल, तर मालकाला भाडं विचारायच्या आधी कामाच्या ठिकाणापासून त्या खोलीपर्यंत एकदा बसने किंवा मेट्रोने या. रविवारी दुपारी नको. कामाच्या दिवशी, संध्याकाळी सातला निघून या.