मेलबर्नचे ऊन आणि सावळी त्वचा

त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांत ऑस्ट्रेलियाची गणना होते. तिथल्या तीन माणसांपैकी किमान दोघांना सत्तरीपर्यंत या ना त्या प्रकारचा त्वचेचा कर्करोग होतो. बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे, गोऱ्या त्वचेचे, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण ऊन. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि नेमका तोच दक्षिण गोलार्धातला उन्हाळा.

अपाय करतात ते उन्हातले अतिनील किरण. त्यांतल्या ‘बी’ किरणांनी त्वचा भाजते. ‘ए’ किरण अधिक खोल जातात आणि खिडकीच्या काचेतूनही येतात. दोन्ही पेशींमधल्या डीएनएला इजा करतात. पुष्कळशी इजा शरीर दुरुस्त करते. जी राहून जाते ती वर्षानुवर्षे साचते आणि काही पेशींची वाढ बेलगाम होते. मेलॅनोमा हा या कर्करोगांपैकी कमी आढळणारा, पण लवकर पसरणारा आणि म्हणून सर्वांत घातक.

हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला गरम लागत नाहीत. मेलबर्नला राहायला गेल्यावर प्रस्तुत लेखिकेच्या प्रथम ध्यानात आले ते हेच. ऑक्टोबरातल्या ढगाळ, स्वेटर घालावा अशा गार दुपारीही तिथे अतिनील निर्देशांक ६ दिसतो. भर उन्हाळ्यात तो ११ च्या पुढे जातो. निर्देशांक ३ किंवा अधिक असेल, तर संरक्षण हवे, असा तिथला नियम. म्हणून घराबाहेर पडताना तापमानाइतकाच हा आकडाही पाहिला जातो.

ही सवय लावण्याची सुरुवात १९८१ साली झाली. मेलबर्न ज्यात आहे, त्या व्हिक्टोरिया राज्यातल्या कर्करोगविरोधी संस्थेने ‘स्लिप, स्लॉप, स्लॅप’ ही मोहीम काढली: अंगभर सदरा घाला, सनस्क्रीन लावा, टोपी चढवा. सिड नावाचा एक सीगल पक्षी टीव्हीवर या मोहिमेचे गाणे गात नाचत असे. पुढे सावली शोधणे आणि गॉगल लावणे या दोन गोष्टींची त्यात भर पडली. व्हिक्टोरियातल्या बहुतेक प्राथमिक शाळांत ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत रुंद काठाची टोपी गणवेशाचा भाग असते. लेखिकेच्या मुलीच्या वर्गात दाराशीच सनस्क्रीनची पंप असलेली बाटली ठेवलेली असे. मधल्या सुट्टीआधी मुले नाक, गाल, कान आणि मानेच्या मागे ते स्वतः चोपडत. टोपी विसरलेले मूल मैदानाऐवजी छपराखाली खेळे.

सनस्क्रीनचा उपयोग नुसता गृहीत धरलेला नाही. क्वीन्सलंडमधल्या नॅम्बूर गावात १९९२ पासून झालेल्या चाचणीत एका गटाला रोज सनस्क्रीन लावायला दिले. त्या गटात स्क्वेमस पेशींचा कर्करोग, हा त्वचेच्या कर्करोगाचाच एक प्रकार, कमी आढळला. पुढच्या पाहणीत मेलॅनोमाही कमी दिसला. मात्र ते हात आखडून लावले, तर फायदा घटतो. चेहरा-मान-कान, प्रत्येक हात, प्रत्येक पाय, पोट-छाती आणि पाठ यांना एकेक चहाचा चमचा, म्हणजे सर्वांगाला सात चमचे लागते. बाहेर पडण्याआधी वीस मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे. तरीही पहिला मान कपडे, टोपी आणि सावलीचा. सनस्क्रीन त्यांच्या जोडीला.

सावळ्या माणसांना याची गरज काय, हा प्रश्न तिथल्या मराठी घरांत हमखास निघतो. मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे सावळ्या त्वचेत हा कर्करोग खरोखरच पुष्कळ कमी होतो. गडद त्वचेला ड जीवनसत्त्व तयार करायला अधिक ऊन लागते, त्यामुळे मेलबर्नच्या हिवाळ्यात ऊन टाळण्याचे कारण नाही. पण कमी होतो म्हणजे होतच नाही, असे नव्हे. सावळ्या लोकांमध्ये मेलॅनोमा झालाच, तर तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथे उन्हाचा संबंध फारसा नसतो, सनस्क्रीनही कामी येत नाही. कामी येते ती नजर.

लेखिकेच्या त्वचेची तपासणी तिथल्या फॅमिली डॉक्टरांनी केली, तेव्हा आधी नेलपॉलिश काढून यायला सांगितले होते. पाठ आणि हात भराभर पाहून झाले. वेळ गेला तो पायांवर. प्रत्येक बोट बाजूला करून, डर्मॅटोस्कोप, म्हणजे त्वचा पाहायचे भिंग, टेकवून त्यांनी तळवा पाहिला. टाचेजवळच्या एका तिळाचा फोटो काढला आणि काही महिन्यांनी पुन्हा बोलावून जुन्या फोटोशी ताडून पाहिला. तीळ बदललेला नव्हता, निरुपद्रवी होता. आपल्या तळव्यावर असा तीळ आहे, हे तोवर लेखिकेला ठाऊक नव्हते.

महाराष्ट्रातल्या वाचकालाही हे लागू आहे. इथल्या उन्हाळ्यातही निर्देशांक ११ च्या वर जातो. ज्यांच्या त्वचेत जन्मतःच रंगद्रव्य नाही, त्यांना उन्हापासून काटेकोर संरक्षण आयुष्यभर हवे. कोडाचे डागही उन्हात चटकन भाजतात. बाकीच्यांनी दुपारच्या कामाला टोपी, पदर किंवा उपरणे आणि अंगभर सुती कपडे सोडू नयेत. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखे उजेडात पाहावीत. नवा किंवा बदलणारा तीळ, नखातली रुंदावत जाणारी काळी रेघ, न भरणारी जखम यांपैकी काहीही दिसले, तर घरगुती लेप न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. वेळेत सापडलेला त्वचेचा कर्करोग बहुतेक वेळा लहानशा शस्त्रक्रियेने बरा होतो.