दाराचंही अंतर मोजा

आज पऱ्हाटीवर नाही, घराच्या दारावर लिहितो.

माय 78 वर्षांची. खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून वॉकर धरून चालते. वेचणीत आम्ही सारे वावरात, ती घरी एकटी. बायकोच्या ध्यानात आलं, की माय पाणीच कमी पिऊन राहिली. विचारलं तर म्हणे, "मांगं संडासात जायचं तं दोन उंबरठे ओलांडा लागते बापा."

डवरा चालेल एवढं तासातलं अंतर आपण पेरतानाच धरतो. तसंच टेप घेऊन घर मोजलं. वॉकर 23 इंच. खोलीची चौकट आतून 26 इंच, पण दार पुरतं उघडत नव्हतं, म्हणून मोकळी जागा 24च. वॉकरवरचे हात चौकटीला घासत. उंबरठे 3 इंच. मागच्या दाराबाहेर 6 इंचांची पायरी.

सुतार म्हणाला, सारे उंबरठे कापू. माय म्हणाली, "पुढचा राहू दे, त्याची मी पूजा करतो. आतले काढा." तेही बरोबरच. पुढच्या दारी हात द्यायला कोणीतरी असते, मागं तिला एकटीलाच जावं लागते.

खोलीचं दार काढून पडदा लावला, 2 इंच मिळाले. उंबरठे कापून जागा सिमेंटनं सपाट केली. चौकट हलू नये म्हणून तिचे पाय लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला आवळले. उंबरठा गेला की साप-विंचवाला वाट होते, म्हणून मागच्या दाराला खालून जुन्या ट्यूबची पट्टी ठोकली.

उताराचा हिशेब सोपा: 1 इंच उंचीला 12 इंच लांबी. 6 इंचांच्या पायरीला 6 फूट उतार. दाराशी वॉकर घेऊन उभं राहता येईल एवढी सपाट जागा आधी सोडायची, नाहीतर दार उघडताना तोल जातो. सिमेंट घोटायचं नाही, ओलं असतानाच झाडूनं आडव्या रेघा मारायच्या. धरायला मोटरीच्या जुन्या लोखंडी पाईपचा कठडा केला.

आता माय एकटी जाते अन् पाणीही पोटभर पिते.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या पात्र माणसाला साधनांसाठी 3000 रुपये मिळतात. त्यात वॉकर येईल, पण दार आपल्यालाच पाहावं लागते. घरात कोणी दिव्यांग असेल तर ग्रामपंचायतीत विचारा, स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी तिनं दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो.

अन् ज्यांचं घरकुल सध्या पायव्यावर आहे, त्यांनी मिस्त्रीला आजच सांगा: दारातून मोकळी जागा 3 फूट, आत उंबरठा नाही. चौकट बसायच्या आधी हे फार स्वस्तात होते. मागून भिंत फोडावी लागते.

तुमच्या घरचं सर्वात अरुंद दार किती इंच आहे? मोजून कळवा.